लिफ्टवाल्या पाहुण्याची तीन मिनिटं

...आणि वर मलाच विचारतो, "दादा, पाण्यात थांबायचं कशाला?" अहो, थांबायचं होतं किती? तीन मिनिटं. जास्त नाही. तुम्हाला सांगतो, याचं पुढे काय झालं ते कुणी ओळखून दाखवलं ना, तर ही डोक्यावरची टोपी चावून खातो. मेला असेल म्हणता? छे, चांगला धडधाकट आहे. पण भोगलं काय, ते ओळखा.

हा कोण? आमच्या धाकटीचा, म्हणजे धाकट्या बहिणीचा नवरा. लिफ्टचा मेकॅनिक. पंचवीस वर्षं वर-खाली, वर-खाली, त्यामुळे वर कसं यायचं ते जगात त्या एकट्यालाच कळतं. मी डायव्हिंगच्या बोटीवर शिडीपाशी असतो, पाण्यातून आलेल्यांना ओढून घेतो. म्हणून आले नवरा-बायको चार दिवस, राहायला माझ्याकडे.

आमची मास्तरीण, म्हणजे डायव्हिंग शिकवणारी, तिनं सगळ्यांना बसवून सोड्याची बाटली दाखवली. म्हणाली, "खाली दाबात श्वास घेता, तेव्हा हवेतला नायट्रोजन अंगात मुरतो. झाकण हळू उघडलं की गॅस गुपचूप जातो, भसकन उघडलं की फेस. म्हणून सावकाश वर यायचं, पाच मीटरवर दोरी धरायची, तीन मिनिटं थांबायचं." इतकं सोपं की दंतवैद्यालासुद्धा कळलं. होता एक दंतवैद्य, ह्यांचा जोडीदार. पाण्यात दोघादोघांनीच राहायचं असतं. पण आमचे पाहुणे? "मॅडम, मी वीस मजले अर्ध्या मिनिटात चढतो. आजपर्यंत मला फेस नाही आला."

घ्या. वीस मजले म्हणे. अरे, तुझ्या लिफ्टमध्ये समुद्र भरलाय का?

सकाळी पहिली डुबकी. मनगटाला कॉम्प्युटर बांधलेला, खोली आणि वेळ मोजणारा. भराभर वर यायला लागला तसा तो कॉम्प्युटर लागला बोंबलायला. मास्तरणीनं पायाला धरून खाली खेचला, दोरीला लटकवला. तीन मिनिटं. जास्त नाही. पण बोटीवर आल्यावर तोंड बघायचं होतं तुम्ही, वाळत घातलेल्या चड्डीसारखा लटकवला म्हणे मला, सगळ्यांसमोर. मास्तरीण म्हणाली, "पुन्हा वाजला तर परत कधी बोटीवर यायचं नाही." झालं. आता दुसऱ्या कुणी काय केलं असतं? सावकाश आला असता. पण हा पडला मेकॅनिक, आणि ह्याच्या धंद्यात एकच अक्कल... अलार्म वाजतो? मग अलार्म काढा.

दुपारची डुबकी. पंचवीस मीटर खाली, मास्तरीण कुणाचा तरी मास्क नीट करतेय, आणि ह्यानं आपला कॉम्प्युटर सोडला आणि बांधला दंतवैद्याच्या दुसऱ्या हाताला. दंतवैद्य बिचारा भिडस्त, त्याला वाटलं असंच असतं. आणि हा सुटला वर, स्वतःच्या बुडबुड्यांच्याही पुढे. मी शिडीवरून ओढला. "थांबलास का रे?" "थांबलो की, दादा." बऱ्याच वेळानं दंतवैद्य आला, दोन्ही हातांत दोन कॉम्प्युटर. म्हटलं, "डॉक्टर, वेळ फार महाग दिसतोय तुमचा." तो बोलणार, तेवढ्यात त्याला बोट लागली, गेला बादलीकडे, आणि ह्यानं आपला कॉम्प्युटर त्याच्या हातावरून सोडवून परत स्वतःच्या मनगटाला बांधला. मागून वर आलेल्या मास्तरणीनं ह्याचा कॉम्प्युटर पाहिला... सावकाश वर, पाच मीटरवर तीन मिनिटं, सगळं हिरवंगार. ह्याला शाबासकी! मला वाटलं, चालू दे नाटक.

संध्याकाळी खांदा धरून बसला. मग कोपर. मग बोटांना मुंग्या. दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान, त्याच्या दुसऱ्या दिवशी मुख्य मेकॅनिकच्या जागेची परीक्षा. धाकटी घेऊन गेली डॉक्टरकडे, मीही मागोमाग. डॉक्टरनं कॉम्प्युटर पाहिला, म्हणाला, "थांबलेत की व्यवस्थित. शीर आखडली असेल. गोळी घ्या, जा विमानानं." आणि हा मान डोलावतोय! परीक्षा बुडू नये म्हणून विमानात बसायला तयार, म्हणजे आणखी वर, आणखी फेस.

आता मात्र मी उठलो. बाहेरून सोड्याची बाटली आणली, दिली त्याच्या हातात. म्हटलं, "उघड." उघडेना. बोटं झाकणावरून घसरतायत. पंचवीस वर्षं ज्या बोटांनी नट पिळले, त्या बोटांना एक झाकण फिरेना. धाकटी म्हणाली, "अहो, काय लपवताय?" बाटलीकडे बघत बघत सांगितलं मग. "थांबला तो कॉम्प्युटर. मी नाही."

डॉक्टरनं कपाळाला हात लावला आणि घातला दाबाच्या खोलीत. खोली कसली, लोखंडी पिंपच. पुन्हा खाली नेल्यासारखा दाब द्यायचा आणि टप्प्याटप्प्यानं, थांबत थांबत वर आणायचा. किती वेळ? सहा तास. तीन मिनिटं नको होती ना? घे. नर्स शेजारी, दार बंद, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, बोलायची मनाई.

आणि बाहेर आतल्याशी बोलायला माईक. धाकटीनं विचारलं, "ह्यांना ऐकू जातं का?" टेक्निशियन म्हणाला, "अगदी स्पष्ट." ती म्हणाली, "मग खुर्ची द्या."

बोटं सुधारली. परीक्षा बुडाली. पण सहा तास, एकदाही उलट न बोलता, बावीस वर्षांचा संसार पहिल्या दिवसापासून ऐकला हो त्यानं... आणि शेवटी टेक्निशियन म्हणाला, "ताई, संपलं," तर ही म्हणते, "तीन मिनिटं. जास्त नाही."