हरकतीची पेटी चार वाजता बंद होते

—नाही, नाही, तशी नाही टाकायची पेटीत. आधी इकडे ये. चिठ्ठीवर माझी सही लागते, सहीखाली वेळ लागते, मग पेटी. बाहेर फळ्यावर लिहिलंय सगळं, पण वाचतं कोण — तू वाचलंस? मग तुला माहीतच आहे. साडेतीनला उत्तरं लागतात, चारपर्यंत हरकती, चारला पेटी बंद. आई बाहेर थांबलीय? थांबू दे. आईबापांना या खोलीत यायचं नाही, हरकत मुलानं स्वतः आणायची. पहिल्या वर्षी एका गृहस्थांनी याच टेबलावर मुठी आपटल्या होत्या, दौत सांडली, तेव्हापासून हा नियम. माझाच. बस ना. खुर्चीवरचा गठ्ठा बाकावर ठेव — सावकाश, सातवीच्या उत्तरपत्रिका आहेत, दुसरी तपासणी व्हायचीय अजून. क्रमांक? दोनशे आठ. नाव नको सांगूस. नावाशी आम्हाला काही घेणंदेणं नाही, इथं सगळे आकडे. मला पट्टीकाका म्हणतात, म्हणजे मुलंच म्हणतात, समोर कुणी म्हणत नाही. बारा मिनिटं आहेत अजून, घाई कसली.

कितव्या प्रश्नाची हरकत? अकराव्याची. टेबलाचा कोपरा. हं. तो माझा प्रश्न आहे. नाही, माझा आहे म्हणून काय झालं, हरकत घ्यायचा हक्क आहेच तुला — फक्त आधी समजून घे की इथं काम कसं चालतं. मुलांना वाटतं, ही गणिताची स्पर्धा म्हणजे काका-मावश्या रविवारी जमतात आणि लाल पेनानं रेघोट्या ओढतात. तसं नसतं ते. आम्ही कुणी मास्तर नाही, एक ते चारची घंटा देणारे व्यायामशिक्षक सोडले तर. मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढायचो, चौतीस वर्षं. त्या चष्म्यातल्या बाई पोस्टात असतात. एक औषधवाले होते, गेले, मागच्या वर्षी. सगळा हौसेचा मामला, पण शिस्त अशी की मोठ्या परीक्षांना नसेल. प्रत्येक पेपर दोघं तपासतात, एकाचे गुण दुसऱ्याला दिसत नाहीत. आणि परीक्षेच्या आठवडाभर आधी कोरी सोडवणूक. म्हणजे काय — ज्यानं उत्तरं पाहिलेली नाहीत अशा एकानं मुलासारखं बसून सगळा पेपर सोडवायचा. कुठं पाय अडकतो ते तेव्हाच कळतं. औषधवाले करायचे. दुकान बंद करून दुपारी गल्ल्यावर पेपर ठेवून बसायचे, आणि जिथं शंका येईल तिथं बारीकसं प्रश्नचिन्ह काढायचे. त्यांच्या प्रश्नचिन्हाला मी फार घाबरायचो, खोटं कशाला सांगू.

यंदा? यंदा कोण करणार. मीच पाहिला पुन्हा. आपण काढलेला प्रश्न आपणच सोडवायचा म्हणजे — जाऊ दे. तुझं काय म्हणणं आहे? सहांत यायला हवं? ते सगळ्यांनाच हवं असतं गं. हो, पहिल्या सहांची नावं वसतिगृहाच्या शाळेला जातात, तिथं राहणं-शिकणं सगळं होतं. आणि नाही आलीस तर? — आई म्हणते मग शाळा पुरे? आईला तसं का वाटतं ते मी नाही विचारत. पण तुझ्या घरीही तसंच ठरलंय म्हण की. 'घरीही' म्हणजे आणखी कुणाच्या? कुणाच्या नाही. आधी एक होती. तिच्याही घरी असंच ठरलं होतं.

तिचा क्रमांक एकशे सत्तेचाळीस. नऊ वर्षं झाली. तेव्हा नववा प्रश्न माझा होता — एका फळीवर चार ओळींत चार-चार खिळे ठोकलेत, सारख्या अंतरावर, म्हणजे सोळा. खिळ्यांभोवती दोरा ताणून किती चौरस करता येतील? तू सांगतेस? नको, ऐक. लहान नऊ, त्याहून मोठे चार, सगळ्यात मोठा एक — चौदा. कसा सरळ, देखणा प्रश्न. मी फळ्यावर लागणाऱ्या उत्तरपत्रात चौदा लिहिलं आणि कोरी सोडवणूक केलीच नाही. औषधवाल्यांची बायको तेव्हा रुग्णालयात होती. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, मी सोडवते. मी म्हटलं, कशाला, माझे प्रश्न आहेत, बारा वर्षांत एक चूक निघालेली नाही. हे असं म्हटलं मी. छाती काढून म्हटलं.

तीनशे बारा मुलं बसली होती. एकशे नव्वद जणांनी चौदा लिहिलं, बाकीच्यांनी काहीबाही. आणि आमच्याकडे पद्धत अशी की ज्या प्रश्नाचं उत्तर दहापेक्षा कमी मुलांचं बरोबर येतं, तोच प्रश्न पुन्हा पाहायचा. एकशे नव्वद बरोबर म्हटल्यावर कोण पाहतोय. या इथंच बसलो होतो मी, अशीच दुपार, अशीच पेटी, आणि ती आली. तुझ्यापेक्षा जरा काटकुळी. चिठ्ठी पुढं केली, मी सही केली, वेळ घातली, तीन पंचेचाळीस, तिनं पेटीत टाकली आणि गेली. बाहेर बक्षिसांची मांडामांड चालली होती. चारला मी पेटी उघडली. एकच चिठ्ठी आत. तिच्यावर पेन्सिलीनं सोळा ठिपके आणि ठिपक्यांवर तिरके चौरस. चार लहान, दोन मोठे, एका अंगावर कलते केलेले. खाली लिहिलेलं — हे सहा धरले तर वीस होतात.

एका मिनिटात कळलं मला. एका मिनिटात कसलं, चिठ्ठी उलगडता उलगडता कळलं. चौतीस वर्षं मी आडव्या रेघा मारल्या आणि उभ्या रेघा मारल्या, नळ असे आणि नळ तसे, माझ्या डोळ्याला तिरकं दिसतच नव्हतं गं, आणि त्या पोरीला दिसलं. घरी जाऊन मी फळीवर खिळे ठोकले. दोरा ताणून पाहिला. गुण्या लावून पाहिला. चारही बाजू सारख्या, चारही कोपरे काटकोन. वीसच होतात. तीनशे बारा पोरांत एकटीला वीस दिसले.

मग काय — मग काही नाही. घरी जायच्या आधीचं राहिलं सांगायचं. पोस्टातल्या बाईंनी दारातून विचारलं, पेटीत काही आहे का? मी म्हटलं, काही नाही. आणि चिठ्ठी खिशात घातली. का घातली? मला पुष्कळ वेळा वाटलं की एकशे नव्वद पोरांचा एकेक गुण काढून घ्यावा लागला असता, तीनशे बारा पेपर पुन्हा उघडावे लागले असते, बाहेर पाहुणे येऊन बसले होते, म्हणून. पण तसं नाहीये. आम्ही सहा-सात जणं होतो, दोन तासांत झालं असतं. उत्तरपत्राच्या खाली माझी सही होती. एवढंच होतं कारण. एक गुण, आणि ती सातवी आली. बाईंनी तीन दिवसांनी चहा पिता पिता सांगितलं — बाई तिच्याच गल्लीत राहतात — मामाकडे असते म्हणे ती पोर, मामीनं सांगितलेलं, सहांत आलीस तर जा, नाहीतर शाळा पुरे, घरातली लहान पोरं सांभाळ. सहांची यादी त्या दिवशी अजून माझ्या टेबलावरच होती. पाकिटात घातलेली, चिकटवलेलीसुद्धा नव्हती. बाई बोलत होत्या आणि मी पाकिटाकडे बघत होतो. त्या गेल्यावर मी ते चिकटवलं.

तुला कशाला सांगतोय मी हे सगळं. बारा वर्षांची असशील — अकरा? बरं. पाणी हवंय? ती चिठ्ठी अशी मुठीत चुरगाळू नकोस, वाचता आली पाहिजे. सहा मिनिटं आहेत, ते घड्याळ मी स्वतः लावतो, त्याची काळजी तुला नको.

दोन वर्षांनी मी पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात गेलो होतो. हीच खोकी, उत्तरपत्रिकांची. लांबलचक टेबल आणि दोन्ही बाजूंनी बाया घड्या घालत उभ्या. त्यांत ती. मी नव्हतं ओळखलं हं, तिनंच ओळखलं. हात चालूच होते तिचे — घडी, घडी, डिंक, खोकं बाजूला — आणि मला म्हणाली, काका, माझ्या चिठ्ठीचं काय झालं? नमस्कार नाही, कसे आहात नाही, दोन वर्षं जणू ती त्याच वाक्यावर उभी होती. आता तूच सांग, तेव्हा काय अवघड होतं? मुकादम लांब होता. कुणी ऐकत नव्हतं. शाळा गेली ती गेली, ती मी परत आणून देणार नव्हतो, पण निदान तुझं बरोबर होतं, एवढं तरी तिच्या हातावर ठेवता आलं असतं. तीन शब्द.

मी म्हटलं, तपासली ना. चुकलं होतं तुझं.

तिनं विचारलं, कुठं? मी म्हटलं, तिरके धरत नाहीत. तिच्या हातातलं खोकं तसंच अर्धवट दुमडलेलं राहिलं. मग म्हणाली, मला वाटलं धरत असतील. आणि पुन्हा घडी घालायला लागली. अगं, दोन वर्षं ती पोर घड्या घालत होती, पण आपलं बरोबर होतं हे मनात धरून घालत होती. तेवढंही मी काढून घेतलं. वर तिनंच मला दोरीनं गठ्ठा बांधून दिला, काका हात कापेल म्हणून खाली फडकं लावलं. फार वाईट माणूस आहे मी. असं बघू नकोस. बघ हवं तर.

पुढच्या वर्षी मी पुन्हा गेलो होतो तिथं, सांगायचं ठरवून गेलो होतो. नव्हती ती. कुणी म्हणालं लग्न झालं, कुणी म्हणालं दुसरीकडे गेली. चिठ्ठी आहे माझ्याकडे. या कंपासपेटीत, खालच्या कप्प्यात — हे बघ. घड्यांवर फाटत आलीय, पण ठिपके दिसतात. दरवर्षी स्पर्धेच्या दिवशी मी ही पेटी बरोबर आणतो. का आणतो, कुणास ठाऊक. बाईंना वाटतं आतल्या कंपाससाठी. म्हणजे वर्तुळं काढायला लागतात म्हणून, उत्तरपत्रासाठी. आणि आज तू तशीच पेटीपाशी जाऊन उभी राहिलीस, म्हणून बोललो. नाहीतर मी कुणाशी बोलत नाही फारसा.

दे आता इकडे. अकरावा. चौकोनी टेबलाचा एक कोपरा करवतीनं सरळ कापून टाकला, तर टेबलाला किती कोपरे उरतील. उत्तर पाच. एक गेला, दोन आले. तू काय लिहिलंस — तीन, चार किंवा पाच? आणि हे काय चिकटवलंस? कागद फाडून दाखवलास. बरं. करवत दोन्ही बाजूंच्या मधूनच गेली तर पाच. शेजारच्या कोपऱ्यातून गेली तर — हं. चार. आणि दोन्ही शेजारच्या कोपऱ्यांतून, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत तिरकी गेली तर —

तिरकी.

तीन. हो. कोपरा तर एकच गेला, प्रश्नात कुठून कापायचं ते दिलेलंच नाही. कुणी सांगितलं तुला हे? कुणीच नाही. फळ्यावर उत्तर पाहिलंस आणि बाहेर पायरीवर बसून फाडलेस कागद. बरोबर आहे. तुझं बरोबर आहे, दोनशे आठ. बघ, म्हटलं की नाही मी. म्हणता आलं मला. औषधवाले असते तर इथं प्रश्नचिन्ह असतं त्यांचं, बारीकसं. थांब, पेन कुठं गेलं — गठ्ठ्याखाली असेल — हं, सापडलं. सही इथं करतो, आणि खाली वेळ —

घंटा झाली का ती?

झाली. चार वाजून एक मिनिट. नाही, घड्याळ बरोबर आहे, सांगितलं ना, मी लावतो ते. आता ही कशी घेऊ मी? मी बोलत बसलो म्हणून — बसलो खरा. तू मला थांबवायचं होतंस. चिठ्ठी पुढं केली होतीस हे मान्य, पण सही नाही, वेळ नाही, पेटीत पडलेली नाही. तीन एकोणसाठ लिहू म्हणतेस? तसं नाही करता येत. एकवीस वर्षांत एका चिठ्ठीवर मी खोटी वेळ घातलेली नाही, कुणालाही विचार. पोस्टातल्या बाई येतील आता पेटीत काही आहे का विचारायला.

चिठ्ठी राहू दे इथंच. मी नीट ठेवतो. जा तू, आई वाट बघत असेल. आणि दार ओढून घे.