हळू बोला, गाडी बाहेर उभी आहे

हळू... हळू बोला ना जी! चहा द्या, पण हळू बोला. बाहेर ते काळी मोटर उभी आहे ना, तिले आयकू येते. हासा, हासा! आमचे भैयाजीही असेच हासले होते, अन् तवाही गाडी आयकून राह्यली होती.

तुम्हाले सांगतो, मी पोचू, भैयाजी मालगुजाराचा नांगऱ्या. शाळेचं तोंड पाह्यलं नाई, पण बैलाचं मन मले समजते. अन् हे मोटर बैल आहे! म्हणजे आधी मोटरच होती, मोठ्या मालकाची, भैयाजीच्या बापाची. मंग मालगुजारी गेली, ऐट गेली, अन् भैयाजीनं चांद्याच्या इनायत मिस्त्रीले बोलावून तिचं मागचं अर्धं धूड कापून टाकलं, ट्रकचा गिअर बसवला, लोखंडी चाकं लावले, नांगराले आकडा लावला... झाला टॅक्टर! धानाच्या बांधीत, चिखलाच्या वावरात, मीच चालवत होतो. आता बांधीत राबते त्याले बैलाचा मान नको? पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-लोण्यानं मळते ना, तसा मी तिचा आकडा मळत होतो. ओझं तिथंच पडते ना जी! अन् म्हणत होतो, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' दुसऱ्या दिवशी तोरणाखाली, बैलाच्या रांगेत, तिची जागा ठरलेली. एक साल चुकलं नाई!

मंग भैयाजीच्या लेकीच्या, वच्छलाबाईच्या, सासरचे म्हणले, 'तुमच्याकडे मोटरले नांगर जुपते म्हणे?' झालं! भैयाजीले लागलं. 'इनायत, टॅक्टरची मोटर करून दे! लेक पहिल्या बाळंतपणाले येऊन राह्यली, मूल गावाच्या टेशनावरून मोटरीतच आणीन!'

आता अर्धी गाडी आणावं कुठून? मागचं धूड गावातल्या मंगलीच्या आंगणात, कोंबड्याइचा खुराडा झालेलं. मंगली म्हणते, 'नेता तर न्या, पण उद्यापासून अंडे कोण देईन? मालक?' मोटरची मागची गादी भेटली न्हाव्याच्या दुकानात. इनायत जोडते, ठोकते, रंग मारते, अन् मले कानात सांगते, 'पोचूभाऊ, ये गाडी अजीब है. तार जोडलाच नाई, अन् भोंगा वाजला!' मी म्हणलो, 'तिले इचारलं का कोणी, मोटर व्हाचं आहे का म्हणून?'

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी लोणी घेऊन गेलो, तर भैयाजी आंगावर आले. 'रंग खराब करशीन!' मंग हासले, 'बैल आहे का ते? आता ना बांधी, ना पोळा!' तिच्या तोंडासमोर म्हणले जी! अन् गाडी आयकून राह्यली होती. खालून तेल टपकलं... टप... टप... म्हाताऱ्या बैलाच्या डोळ्यातून पाणी गळते तसं.

दुसऱ्या दिवशी टेशनावरून निघालो. माह्या बाजूले भैयाजी, मागं वच्छलाबाई. जे पोरगी मी खांद्यावर खेळवली, ते भरल्या दिवसाची, अन् मोटरीचं चाक माह्या हाती. जंगलभर गाडी गायीसारखी चालली. गावाजवळ आलो, पोळ्याचा ढोल आयकू आला... अन् गाडी थरथरली! मी चाक उजवीकडं, घराकडं फिरवतो, ते डावीकडं, पोळ्याच्या तोरणाकडं जाते! ब्रेक दाबला, पाय फळीले टेकला, गाडी थांबनच ना! 'कुठी नेऊन राह्यला बे, पोचू?' 'मी कुठी नेतो मालक, तेच नेऊन राह्यली!' माणसं पळाले. बैलं? एकही बुजला नाई. दोन बैलं सरकले अन् तिले जागा देल्ली... आयकता ना? जागा देल्ली! तिथंच, आपल्या ठरलेल्या जागी गेली, उभी राह्यली, बंद.

मागून वच्छलाबाई कळवळली, 'बाबा, कळा सुरू झाल्या!' अन् मागचं दार उघडनच ना. इनायत ओढते, चार गडी ओढते, दार हूं नाई का चूं नाई. मी म्हणलो, 'मालक, आवतन राह्यलं तिचं.' भैयाजीनं, पाहा, मालगुजाराच्या पोरानं, सगळ्या गावासमोर नव्या रंगावर हळद-लोणी चोळलं, हात जोडले, 'चुकलो, जेवाले या.' खट्! दार उघडलं. बायाइनं बाईले उचलून घरी नेलं, अन् दिवस बुडाच्या आत नात झाली.

इनायत म्हणते, 'पोचूभाऊ, चाकाचा रॉड घासला होता, ब्रेकची तार सैल होती, नव्या रंगानं दार चिकटलं होतं.' असन जी. पण बैलं काऊन सरकले? हे त्याले इचारा ना!

तवापासून भैयाजी तिच्यासमोर अक्षर बोलत नाई. काल मले घरामागं नेलं, माह्या कानाले तोंड लावलं, 'बल्लारपूरच्या भंगारवाल्याले देऊन ये. तिले सांगू नको.' मी तिले म्हणलो, नातीसाठी पाळणा आणाले चाललो. आली बिचारी मुकाट्यानं. तुमच्या दुकानासमोर आपसूक थांबली, मले वाटलं, मले चहा पाजाले थांबली, अन् मी खुळ्यावानी तुम्हाले सगळं...

अरे, हे दुकानाचं दार कोणं उघडं ठेवलं जी?

आयकला? भोंगा...

राहू द्या. अजून एक चहा टाका. कुठी जायचं ते आता तेच ठरवन.