टवक्यापुढचा गणपती

बसा, बसा मंडळी. मागच्यांनी जरा पुढे या. खांबाला टेकलेत त्यांनी मात्र हलू नका — तुम्ही उठलात तर खांब पडायचा!

नामाचा गजर झाला, मन जरा जागेवर आलं. आता एक प्रश्न विचारतो. देव घरात कुठे बसवावा?

काय म्हणालात काकू? ईशान्येला. वा! उत्तर बरोबर, पण प्रश्न तो नाही. दिशा वास्तुवाल्याला विचारा, तो फी घेऊन सांगेल. मी विचारतोय, आपण देव कशापुढे बसवतो? आणि — हळूच विचारतो — त्याच्या आड काय लपवतो?

नाही कळलं? मग ऐका. हे आख्यान पुराणातलं नाही. यात राक्षस नाही, शाप नाही. एक नायिका आहे, पण ती मासोळी आहे! पेटीवाले हसताहेत. हसा. शेवटी बघू कोण हसतं ते.

सांगलीत मनोहरराव दामले म्हणून एक गृहस्थ. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. उभी हयात कशात गेली? धरणाच्या भिंतीला ओल कुठे आली, गळती कुठे लागली, हे बघण्यात. नोकरीत माणूस चोख. पण घरात? घरात एक काचेची टाकी, तिच्यात चार-पाच मासे, आणि तीच त्यांच्या गळ्याशी आली!

टाकी त्यांची नव्हे, लेकीची. केतकी. लाडकी, एकुलती एक. टाकीत तिचा एक गोल्डफिश होता, केशरी, गुबगुबीत, वळसे घेत पोहणारा. तिनं त्याचं नाव ठेवलं होतं जिलबी. केतकीचं लग्न झालं, ती कोल्हापूरला निघाली. पोरगी आईच्या गळ्यात पडून रडली, मग टाकीपुढे उभी राहून त्याहून जास्त रडली. नवरदेव बिचारा घड्याळ बघतोय! तेव्हा मनोहररावांनी भर मांडवात छातीवर हात ठेवून सांगितलं, "बाळ, तुझ्या जिलबीला मी धक्का लागू देणार नाही."

मंडळी, मांडवात दिलेला शब्द जपून द्यावा. तिथं साक्षीला सगळं गाव असतं.

लग्नानंतरची पहिली संक्रांत आली. सासरचं हळदीकुंकू झालं, आता माहेरचं. लेक काळी साडी नेसून, हलव्याचे दागिने घालून बसणार. सोबत सासूबाई, म्हणजे यांच्या विहीणबाई शालिनीताई, पहिल्यांदाच राहायला येणार. घरात नुसती धांदल. निर्मलाकाकू, म्हणजे मनोहररावांच्या सौभाग्यवती, लाडवांचे तीळ आणायला बाजारात गेल्या. जाताना सांगून गेल्या की टाकीला हात लावू नका, दोघं मिळून सरकवू.

बायकोनं "हात लावू नका" म्हटल्यावर नवऱ्याचा हात कुठे जातो? — बघा, सगळ्या बायकांना उत्तर ठाऊक!

पाणी भरलेली टाकी कधी सरकवू नये. पाण्याचं वजन विचारू नका, काच बोलत नाही पण सगळं सोसत असते. हे पाटबंधाऱ्यातल्या माणसाला सांगावं लागतं का? पण विहीणबाई सोफ्यावर बसल्या की समोर जिलबी दिसली पाहिजे, हा हट्ट. मनोहररावांनी टेबलासकट टाकी ढकलली. ढकलली ती थेट लोखंडी कपाटाच्या कोपऱ्यावर. टक्! समोरच्या काचेचा खालच्या कोपऱ्यातला टवका उडाला. चिंचोक्याएवढा.

बोटानं चाचपलं. पाणी येत नव्हतं. आता शहाण्या माणसानं काय करावं? पाणी कमी करावं, मासे बाजूला काढावेत, टवका नुसता वरवरचा आहे की त्यातून चीर निघाली आहे ते बघावं. आणि सगळ्यात आधी लेकीला फोन करून सांगावं, की बाळ, माझ्या हातून असं असं झालं.

यांनी काय केलं? देव्हाऱ्यातून गणपतीची तसबीर आणली आणि टवक्यापुढे उभी केली!

बरोब्बर मावली हो. चौकटीनं टवका असा झाकला की देवालाही कळू नये आपल्या पाठीशी काय आहे.

काकू आल्या. पिशव्या खाली ठेवल्या, बघतात तर बाप्पा माशांपाशी. त्यांनी विचारलं, हे काय? आता एक खोटं उभं राहिलं की त्याला टेकू लागतो. मनोहरराव म्हणाले की दुपारी डोळा लागला होता, दृष्टान्त झाला, गजानन म्हणाला मला पाण्याजवळ बसव.

लग्नाला तीस-पस्तीस वर्षं झालेली बायको. तिनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा तसबिरीकडे. नवऱ्यावर विश्वास बसेना, पण देवावर अविश्वास दाखवायचा कसा? हात जोडले, जास्वंद वाहिली, पुढे तबक ठेवलं. आणि देव बसला म्हटल्यावर दिवा नको का? काकूंनी तसबिरीच्या बाजूला, काचेला लागून, निरांजन लावलं.

मनोहररावांनी ज्योत आणि काच यांच्यातलं अंतर डोळ्यांनी मोजलं. थंडीचे दिवस, आत गार पाणी, बाहेरून ज्योत, मध्ये दुखावलेली काच! पण बोलणार काय? "दिवा नको" म्हणावं, तर देवाला दिवा का नको? "तसबीर हलव" म्हणावं, तर दृष्टान्ताचं काय? हयातभर गळती शोधली आणि आता रोज सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या घरातल्या गळतीपुढे उभं राहून आरती म्हणताहेत! टाळ्याही वाजवताहेत, पण हळू. काच हादरू नये म्हणून.

शेजारच्या देवस्थळीकाकूंना बातमी लागली. देवस्थळीकाकूंना लागली म्हणजे गल्लीला लागली. दूर्वा येऊ लागल्या, नारळ येऊ लागले. माशांच्या खाण्याची डबी मागे, पेढ्यांचा पुडा पुढे. जिलबी आपली काचेशी येऊन गणपतीच्या पाठीकडे बघायची. साऱ्या घरात टवका दिसत होता तो तिला एकटीला. आणि तिला बोलता येत नव्हतं.

हळदीकुंकवाचा दिवस उजाडला. दिवाणखाना बायकांनी भरला. केतकी हलव्याच्या दागिन्यांत अशी गोड दिसत होती की मुंग्यांनीसुद्धा वाट वाकडी करावी! शालिनीताई पैठणी नेसून मधोमध. निरांजनात आज तूप जरा जास्तच. आणि ओवाळणं चालू असताना देवस्थळीकाकू किंचाळल्या — "अगं बाई! गणपतीला पाझर फुटला!"

सगळ्यांच्या माना वळल्या. तसबिरीच्या खालून थेंब. एक थेंब, मागून दुसरा. टप टप, खालच्या तबकात. जास्वंद भिजली, दूर्वा भिजल्या. बायकांचे हात जोडले गेले. कुणी म्हणालं, नव्या नवरीचा पायगुण. कुणी म्हणालं, दृष्टान्त खरा झाला. निर्मलाकाकूंच्या तर डोळ्यांना धार लागली. नवऱ्यावर उगाच संशय घेतला म्हणून त्या मनात कान धरत होत्या. देवस्थळीकाकूंनी पळी आणली, तबकातलं तीर्थ घेतलं, डोळे मिटून प्यायल्या आणि म्हणाल्या की चव काही वेगळीच आहे.

असणारच! जिलबी त्यात राहत होती!

आणि मग दुसरी पळी भरली. ती कुणाला? पहिला मान विहीणबाईंचा. शालिनीताईंनी पदर सावरला, ओंजळ पुढे केली.

मंडळी, इथं जरा थांबू या. दारात मनोहरराव उभे आहेत. गप्प राहिले तर अब्रू राहते, देवाचा महिमा राहतो, दृष्टान्त खरा ठरतो. पण विहीण माशाचं पाणी पिते, आणि काच कधी जाईल त्याचा नेम नाही. बोलले तर? बायकोपुढे, लेकीपुढे, तिच्या सासूपुढे, सगळ्या गल्लीपुढे खोटे पडतात. तुम्ही असता तर काय केलं असतं? घाई नको. मनात उत्तर द्या, देवळात कुणी तपासत नाही.

मनोहररावांनी बायकांच्या गर्दीत उडी घेतली. "ताई, पिऊ नका! ते तीर्थ नव्हे, ते टाकीचं पाणी आहे. काच मी फोडली. गणपती मी आड लावला. दृष्टान्त-बिष्टान्त काही झाला नाही!"

शालिनीताईंनी ओंजळ मागे घेतली.  टप टप मात्र चालूच.

केतकी उठली. तिनं निरांजन उचलून लांब ठेवलं, तसबीर आईच्या हातात दिली. बघते तर टवक्यातून केसाएवढी चीर वर चढलेली. तिनं टाकीत हवा सोडणाऱ्या मोटारीची पिन काढली आणि मासे काढायला भांडं मागितलं. शालिनीताई धावत तांब्याचं घंगाळ घेऊन आल्या. केतकी म्हणाली, "नको आई, तांब्यात मासा जगत नाही." मग तिळाचे लाडू वर्तमानपत्रावर उपडे केले, स्टीलचं मोठं पातेलं विसळून घेतलं, टाकीतलंच पाणी त्यात काढलं आणि जिलबीला जाळीनं अलगद सोडलं. पैठणी खोचून विहीणबाई तांब्या-तांब्यानं टाकी उपसू लागल्या. पाणी चिरेच्या खाली गेलं. टपटप थांबली.

मग मनोहरराव लेकीपुढे उभे राहिले. त्यांना वाटलं, ती म्हणेल, माझी जिलबी मेली असती. ती म्हणेल, माणसांपुढे माझी शोभा झाली. तिच्या गळ्यातला हलव्याचा हार ओला होऊन विरघळत होता. ती एवढंच म्हणाली, "बाबा, रोज संध्याकाळी फोनवर मी विचारायचे, सगळं ठीक ना? आणि तुम्ही म्हणायचात, ठीक. माझं घर आहे ना हे अजून? मग मला पाहुण्यासारखं का फसवलंत?"

धरणं धरून ठेवणारा माणूस. तिथंच बसला आणि रडला. पाझर फुटला मंडळी, खराच फुटला. फक्त तो गणपतीला नव्हता.

पुढे काय? केतकीनं टाकी वाळवली. आतून चिरेवर काचेचा तुकडा सिलिकॉननं बसवला, नीट सुकू दिला, पाणी भरून गळत नाही ना ते पाहिलं आणि मगच मासे सोडले. काकू म्हणाल्या, ठिगळ वाईट दिसतं, त्यावर काही चिकटवू या? मनोहरराव म्हणाले, नको. आता घरी कुणी आलं की ते स्वतः बोट ठेवून दाखवतात, हा माझा टवका. शालिनीताई आल्या की विचारतात, तीर्थ आहे का? आणि देवस्थळीकाकू? त्या अजून सांगतात, काहीही म्हणा, त्या दिवसापासून माझे गुडघे दुखायचे थांबले!

गणपती देव्हाऱ्यात परत गेला. त्याच्या मागे आता नुसती भिंत आहे.

हसलात? छान. आता तुमच्यापैकी निम्मे मनात म्हणताहेत, बुवा अगदी आमच्या शेजाऱ्याबद्दल बोलले. शेजाऱ्याला सोडा हो. तोही तुमच्याबद्दल तेच म्हणतोय! भावाशी बोलणं बंद, पण सत्यनारायण दणक्यात. म्हातारीला औषध कोण देतं पत्ता नाही, पण देवाला चांदीची छत्री. टवका कुणाला चुकला आहे? माझ्या घरात टवका नाही असं म्हणणारा कोण आहे? काच आहे, ती दुखावायचीच. टवक्यानं टाकी फुटत नाही मंडळी. टवक्यापुढे आपण जो दिवा लावतो ना, त्यानं फुटते.

तबलजी, हात हलका ठेवा, आता नाम घेऊ. पण त्याआधी एकच मागणं. आज घरी गेलात की देवापुढे उभे राहा. हात जोडाल, जोडा. पण जोडण्याआधी तसबीर जरा बाजूला करा आणि मागे काय आहे ते बघून घ्या. आणि जे दिसेल, ते ज्याला सांगायचं राहिलंय त्याला आधी सांगा. तेवढा वेळ देव थांबेल. तो केव्हाचा तिथं आपल्या टवक्याला पाठीनं टेकू देऊन उभा आहे.