धाकट्या जावेची पहिली बैठक

बसच्या रांगेत माझ्यापुढे दोघी होत्या. एक भाजीवाली, दुसरी तिची शिवणकाम करणारी मैत्रीण.

"तुझी धाकटी जाऊ नगरसेविका झाली म्हणे!"

"झाली ना! अख्ख्या बाजारानं निवडून दिली. काल पहिली बैठक होती."

"मग? बोलली का काही?"

"बोलते कसली! खुर्चीत टेकते न टेकते तोच खाली आमचा मोर्चा आला. हातगाड्या हटवू नका म्हणून."

"अगं बाई!"

"घोषणा कानावर पडल्या आणि ही चपला तिथंच टाकून जिना उतरली. जन्माची सवय गं! सगळ्यांच्या पुढे उभी राहून ओरडते, 'नगरसेवक हाय हाय!'"

"स्वतःलाच?"

"स्वतःलाच! आम्हीही म्हटलं, हाय हाय!"

"आणि निवेदन कुणी घेतलं?"

"वर एकही साहेब जागेवर नाही, सगळे चहाला. मग हीच अनवाणी वर धावली, आम्ही दोघी-तिघी निवेदन घेऊन मागोमाग. ही खुर्चीत बसली आणि म्हणाली, 'द्या.'"

"घेऊन काय म्हणाली?"

"'बघते' म्हणाली."

"हात्तिच्या! एका दिवसात शिकली?"

"मग तिचं तिलाच उमगलं. ताडकन उठली आणि खिडकीतून खाली ओरडली, 'बघते म्हणणाऱ्यांचा धिक्कार असो!'"

"बाजार काय म्हणाला?"

"असो, असो! पण सगळ्यात मोठ्यानं कोण ओरडलं, सांग?"

"कोण?"

"साहेब लोक! आमच्याच चहाच्या गाडीवर बसले होते, हातात कप घेऊन."