रुमालाखालचा हात

मी, दत्तप्रसाद मुरलीधर साखळकर, वय ५१, धंदा लोकर व मेंढ्यांची दलाली, राहणार अल नहदा, शारजा, पोलीस ठाण्यात साहेबांसमक्ष हजर राहून सांगतो ते असे:

१९९१ पासून मी आणि रत्नागिरीचे अलीमियाँ काझी दुबईच्या देरा बाजारात भागीदार आहोत. आधी इराणी लोकर विकायचो. कारखान्यांनी पॉलिस्टर धरल्यावर लोकर खलास झाली, तेव्हा लोकरीच्या आतला प्राणी विकू लागलो. ऑफिस माझे, सौदा मियाँचा.

आमच्यात सौदा रुमालाखाली होतो. दलाल गिऱ्हाइकाची जितकी बोटे धरेल तितका आकडा. तोंडाने भाव बोलत नाहीत, शेजारचा ऐकतो. मियाँच्या हातावर बारा वर्षे दोन घरे जेवली.

गेल्या रमजानात इफ्तारला मियाँनी चहा डाव्या हाताने घेतला. त्यांच्या पत्नी हव्वाबी यांनी नंतर सांगितले, की अर्धांगाचा झटका येऊन गेला, उजव्या हातात जोर उरला नाही, शर्टाची बटणे त्याच लावतात. मियाँनी मला कुणाला न सांगण्याची शपथ घातली. म्हणाले, "दत्ता, बाजाराला कळलं तर माझ्यासमोर रुमाल कोण धरील?"

यंदा, २००३ साली, बकरी ईदच्या आधी मटणाचे व्यापारी संग्राम घोरपडे यांच्याशी सौदा झाला. मेंढीमागे दोनशेच्या वर बोटाला दहा दिरहॅम, असा हिशेब होता. मियाँनी चार बोटे धरली, पण दोनच आवळली गेली. संग्रामरावांना भाव दोनशे वीस दिरहॅम समजला, मियाँनी दोनशे चाळीस सांगितला होता. बिल पाहून संग्रामरावांनी फसवणुकीची तक्रार दिली. मियाँना कोठडीत घातले. तिथे ते एवढेच बोलले, की लालूच सुटली.

हे खोटे आहे. साहेब, हा माणूस चोर ठरायला तयार आहे, लुळा ठरायला नाही.

मी असे सांगितल्यावर साहेबांनी मियाँना बाहेर आणवले आणि माझी बोटे धरायला लावली. रुमाल नव्हता, टेबलावरच धरली. मियाँ म्हणाले, "चार." मला दोन लागली.

संग्रामराव तिथेच उभे होते. त्यांनी तक्रार मागे घेतली आणि मियाँच्या पाठीवर थोपटले. एरवी बाजारात लोक मियाँशी हात मिळवतात.

दुभाष्याने हा जबाब अरबीत लिहून मला हिंदीत मोठ्याने वाचून दाखवला. मियाँ शेजारच्या बाकावर बसून ऐकत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, त्यात मला काही बदलायचे नाही.