गालातली हवा

किती म्हणजे — श्वास कुणी मोजत बसतं का गं? कळा मोजतात, टाके मोजतात, श्वास कोण मोजतं. अडतीस वर्षांत तुझ्या आईने मला हे कधी विचारलं नाही. रस्त्यात भेटली, उपासनेला शेजारी बसली, तुझ्या लग्नात माझा हात धरून रडली, पण हे नाही विचारलं. आणि आज तुला पाठवते — जा, सिस्टरला विचारून ये, माझ्या पहिल्याने जायच्या आधी किती श्वास घेतले. बस ना, उभी का? त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय लुळा आहे, इकडे पलंगावर बस. आई आता झोपूनच असते म्हणतेस? जेवते का काही? — हं. आणि त्यात तुमच्या नव्या पाळकांनी रविवारी नेमका तोच भाग घेतला, होय ना — देवाने मातीचा माणूस केला, त्याच्या नाकात जीवनाचा श्वास फुंकला, तेव्हा कुठे तो जिवंत झाला. फोनवर ऐकलं असणार तिने, आता उपासना उशाशी येते. ऐकलं आणि हिशेब मांडत बसली, माझ्या बाळाच्या नाकात किती गेला म्हणून.

तिला सांग, दहा-बारा. हो, दहा-बारा असतील. शांतपणे घेतले आणि झोपल्यासारखा गेला. एवढं सांग, निवांत होईल ती. पाणी घेतेस? — मग असं बघू नकोस माझ्याकडे. तुझी नजर अगदी तिची आहे. बाळंतपणाच्या टेबलावरून ती अशीच बघत होती, मान वळवून, घामाने केस कपाळाला चिकटलेले, नुसती बघत होती की मी काय करतेय. तेव्हा तुझा जन्म व्हायला अजून तीन वर्षं होती.

तुला किती माहीत आहे? — एवढंच ना, की झाला, नाव घातलं आणि गेला. बरोबरच आहे, तेवढंच सगळ्यांना माहीत आहे. दुपारची वेळ होती. डॉक्टरीणबाई दुसऱ्या गावी ऑपरेशनला गेलेल्या, त्या लहानशा प्रसूतिगृहात मी एकटी आणि खाली झाडणारी बाई. तुझी आई सकाळपासून कळा देत होती. तुझे बाबा व्हरांड्यात, त्यांच्या हातात कापडी पिशवी, पिशवीत लोकरीचं टोपडं — दर पंधरा मिनिटांनी काढून बघायचे आणि परत आत ठेवायचे. फार वेळ लागतोय म्हणून त्यांनीच पाळकांना बोलावून आणलेलं, जुने पाळक, तू पाहिलेस की लहानपणी, उंच, जरा वाकलेले. ते बाकावर बसून प्रार्थना करत होते. आणि पावणेतीनला झाला. झाला तो पांढरा. निळा असता तर मला धीर आला असता, निळ्यांना मी पुष्कळदा ओढून आणलंय, पण हा पांढरा, आणि हात-पाय असे सैल, ओल्या कपड्यासारखे.

मी काय करायचं ते केलं. तोंडातलं शोषून काढलं, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या. मग फुंकर. आमच्या मेट्रनबाईंनी शिकवलं होतं, बाळाला कधी छातीतला श्वास द्यायचा नाही, एवढीशी फुप्फुसं, फाटून जातात. गाल फुगवायचे आणि फक्त गालातली हवा द्यायची, गरम दुधावर फुंकर घालावी तेवढीच. त्याचं नाक आणि तोंड दोन्ही मिळून आपल्या तोंडात मावतं, एवढंसं असतं ते. फुंकलं की छाती वर येते, तोंड काढलं की खाली जाते. वर, खाली. तुझ्या आईला टेबलावरून तेच दिसत होतं — छाती वर येतेय. ती म्हणाली, "घेतोय ना सिस्टर? घेतोय?" मी तोंड कसं काढणार बोलायला?

आणि दारातून पाळकांनी विचारलं, "बाळ श्वास घेतंय का?"

आता तुला सांगते, तेव्हाचा नियम असा होता. ज्याने श्वासच घेतला नाही त्याला बाप्तिस्मा नाही, वहीत नाव नाही, प्रार्थना नाही. दफनभूमीच्या मागच्या भिंतीलगत नुसता खड्डा. पाळक कठोर नव्हते, त्यांनी तो नियम केला नव्हता, पण पाळायचे. मी अर्धा क्षण मान वर केली आणि म्हणाले, "घेतोय. लवकर या." ते तसेच आत आले, टेबलाशेजारच्या भांड्यातल्या पाण्यात बोटं बुडवली, आणि त्यांचं होईपर्यंत — पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने, सगळं होईपर्यंत — मी फुंकत राहिले. छाती वर येत राहिली. नाव घातलं. बाबांनी दारातून नाव सांगितलं, पाळक आमेन म्हणाले, तुझी आई आमेन म्हणाली, आणि मग मी तोंड काढलं.

कळलं ना तुला मी काय सांगतेय? — हो. ते दहा-बारा माझे होते.

थांब, पण थांब. मी तोंड काढलं तेव्हा माझा गाल त्याच्या तोंडाशीच होता, ऐकत होते ना मी, आणि तेव्हा आला एक. बारीकसा. गालाला लागला. गरम होता. आता मीच फुंकलेली हवा परत बाहेर आली की त्याने स्वतः एक घेतला आणि सोडला — ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजपर्यंत कळलेलं नाही. गरम होता म्हणशील, तर आईच्या पोटातून आलेलं सगळंच गरम असतं. कितीतरी वर्षांनी, पाळक आजारी होते तेव्हा, मी त्यांना विचारलं. म्हटलं, मी तुम्हाला फसवलं असेन. ते म्हणाले, "सिस्टर, मातीच्या नाकात जो गेला तो श्वास तरी मातीचा कुठे होता? आपल्या कुणाचाच आपला नाही. जुन्या कराराच्या भाषेत वारा, श्वास आणि आत्मा यांना एकच शब्द आहे, कुठून येतो, कुठे जातो, सांगता येत नाही." फार मायेने म्हणाले. मी म्हटलं, पण पाळकसाहेब, तो देवाचा होता, आणि माझा तर चहाचा वास येणारा. हसले ते. त्यांना तेव्हाच कळलं असेल, टेबलापाशीच. त्यांची बोटं त्याच्या कपाळावर होती, कपाळ कसं लागतं ते त्यांना कळत नसेल?

पण बायबलातली ती हाडांची गोष्ट मला ऐकवत नाही हं. संदेष्ट्याला खोऱ्यात वाळकी हाडं दिसतात, मग हाडाला हाड जुळतं, स्नायू येतात, वर कातडी येते, सगळं जागच्या जागी, फक्त श्वास नाही. तो भाग आला की मी बाहेर जाऊन उभी राहते. कारण तो तसाच होता गं. नखं होती. पापण्यांना केस होते. अंगठ्याजवळ घडी पडलेली. काही कमी नव्हतं, काहीच कमी नव्हतं, तासभर आधी मी जर —

काही नाही. — काही नाही म्हटलं ना. — तासभर आधी म्हणजे... पोटावर ते लाकडी नळकांडं ठेवून बाळाचे ठोके ऐकायचे असतात, दर अर्ध्या तासाने, शेवटी शेवटी तर दर पाच मिनिटांनी. एकला ऐकले, छान होते, घोडा दौडल्यासारखे. मग मी चादरींच्या खोलीत गेले, जरा टेकले. आदल्या दिवसापासून मी ड्युटीवर होते, दुसरी सिस्टर आली नव्हती. टेकले आणि डोळा लागला. तुझ्या आईच्या ओरडण्याने जागी झाले तेव्हा अडीच वाजून गेले होते आणि ठोके लागेनात. कागदावर तीन रकाने रिकामे होते. ते मी नंतर भरले. एकशे चाळीस, एकशे अडतीस, एकशे छत्तीस. त्याने श्वास घेतला म्हटल्यावर ठोक्यांचं कुणी विचारलंच नाही. अशक्त होता, देवाची इच्छा, असं सगळे म्हणाले. डॉक्टरीणबाईही म्हणाल्या. म्हणजे ते "घेतोय" मी कुणासाठी म्हटलं — तुझ्या आईसाठी म्हटलं की माझ्यासाठी? पाळकांना मी हे अर्धं सांगितलंच नाही. अर्धंच विचारलं, म्हणून उत्तरही अर्धंच मिळालं.

आणि तुझी आई दर नाताळाला मला साडी द्यायची. मी घ्यायचे.

बोल की काहीतरी. रागाव. — रडू नकोस, मला रडणाऱ्याचं काही करता येत नाही आता. तिला काय सांगायचं ते तू ठरव. खरं सांगितलंस तर मी येऊन तिच्या पायाशी बसेन, नाही सांगितलंस तर... मला खरंच कळत नाही. मला वाटलं होतं, ती तरी माझ्याआधी विसरेल.

फोन वाजतोय तुझा. — आईच? — माझ्याशी? नको. सांग, सिस्टर झोपलीय. अगं, नको, देऊ नकोस, मी —

हॅलो. — हो, मीच. — हो, आलीय, समोरच आहे. — विचारलं तिने. — ... — एक. — नाही, रडला नाही. एकच. बारीकसा. माझ्या या गालाला लागला. — हो, गरम होता. — हो गं. त्याचाच. — ... — ऐकतेस ना? त्या दुपारी मी — नाही. काही नाही. म्हटलं, त्या दुपारी ऊन फार होतं. — हो, पाठवते तिला. तू पडून राहा.

घे. ठेवला तिने. — काय म्हणणार? म्हणाली, एक पुष्कळ झाला.

जा तू आता. ती वाट बघतेय. माझ्याकडे बघून काही होणार नाही, माझ्यापाशी यापुढचं काही नाही. दार नुसतं लोटून घे, कडी मी नंतर लावीन.