दादूकाकांचं जिनोआचं सँडविच

नाही, तुम्ही मला सांगा, त्यात मक्याचे दाणे कुठून आले? बोर्डावर हातभर अक्षरात 'इटालियन सँडविच' लिहायचं आणि आत काय, तर मक्याचे दाणे, सिमला मिरची, अर्धा डबा मेयोनीज आणि वर हिरवी चटणी! तेही रत्नागिरीत नाही हो, मुंबईत! आणि बाजूला आमचे दादूकाका, बोटीवरून रिटायर झालेले, बोटं चाटत मान हलवतायत... "हर्ष्या, जिनोआला होतं तसं नाय हां."

तुम्हाला सांगतो, हे जिनोआ मी जन्मल्यापासून ऐकतोय. बारशाला जिनोआ, बाराव्याला जिनोआ! ब्याण्णव साली म्हणे यांची बोट इटलीत जिनोआ बंदरात लागली आणि धक्क्यावरच्या दुकानात यांनी जगातलं सगळ्यात भारी सँडविच खाल्लं. आता मी इंजिनिअरिंग सोडलं, दुसऱ्या वर्षाला. घरच्यांनी सुतक पाळलं, मी गोव्यात एका इटालियन बाईच्या हॉटेलात दोन वर्षं पाव भाजला. मला तसल्याच सँडविचचं दुकान टाकायचंय, आणि मिरजोळ्याला काकांचा गाळा नुसता पडून आहे, आत उंदीर संसार करतायत! म्हटलं, काका, गाळा द्या. तर म्हणतात, "आधी जिनोआसारखं मला खायला घाल. मुंबईत मिळत असेल तर मुंबईत. मी हो म्हटलं की किल्ली तुझी." आमचे बाबा लगेच, "दादा बरोबर बोलतोय." अहो, हा माणूस राजापूरला लग्नाला जाताना घरून डबा नेतो, याला काय कळतं बरोबर!

गेलो मुंबईला. दुसऱ्या दुकानात काउंटरवरची बाई विचारते, "इटालियनमध्ये जैन की रेग्युलर?" तिसऱ्यात सँडविच आलं शाळेच्या पाटीवर. पाटीवर! ताटं संपली काय मुंबईतली? काका सगळीकडे शेवटच्या चुऱ्यापर्यंत खाणार, ढेकर देणार आणि मग... "तसं नाय."

चौथं वांद्र्याच्या एका बोळात. पाव बाहेरून कडकडीत, आतून जाळीदार, डुकराच्या सुकवलेल्या मांसाचे कागदासारखे काप, चीज, ऑलिव्हचं तेल, बस्स! चावलं आणि खोटं नाही सांगत, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. हेच ते! काकांनी चावलं, कवळी सावरली, गिळलं. "तसं नाय."

सणकलंच माझं डोकं. भर दुकानात ओरडलो, "तसं नाय म्हणजे कसं? पाव कसा होता? आत काय होतं? बोला ना!"

काकांनी ताटलीतला चुरा बोटानं गोळा केला. मग खाली बघत, "मला काय ठाऊक? त्या दिवशी संकष्टी होती."

संकष्टी! जिनोआला! "आमचा बोसन, खलाशांचा मुकादम, समोर बसून खात होता," म्हणे. "पण वास काय भारी होता रे, हर्ष्या!"

तीस वर्षं, अहो तीस वर्षं आख्खं खानदान वासावर चाललंय! मी तिथंच काकूला फोन लावायला मोबाइल काढला. काकांनी माझं मनगट धरलं आणि दुसऱ्या हातानं खिशातली किल्ली टेबलावर ठेवली. "घरी बोलू नको."

तर गाळा मिळाला. पाव भाजतो, लोक येतात. काका दारातच खुर्ची टाकून बसलेले, येईल त्याला सांगतात, "चांगलंय, पण जिनोआला होतं तसं नाय." गिऱ्हाईक माझ्याकडे बघतं... आता मी काय बोलू? म्हणतो, "नाय तसं. काकांनी खाल्लंय ना."